नऊ मिलीमीटर

उद्यमनगरात वीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न घडवतो.
पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं झाकण.
अर्धा मिलीमीटर इकडंतिकडं झाला
की फौंड्रीवाला शिव्या घालतो, माल परत येतो.
त्यामुळं मला आधी दिसलं.

आंघोळ झाल्यावर टॉवेलात गुंडाळून
रोहिणीनं गार्गीला माझ्या हातात दिलं.
वरनं बघितलं, टाळूच्या बाजूनं.
मागं उजवीकडं
रंधा एक हात जास्त फिरल्यासारखं सपाट,
आणि उजवा कान डाव्याच्या पुढं सरकलेला,
रांगेत कुणी हळूच पाय पुढं टाकावा तसा.

मी बोललो नाही.
चार दिवस बोललो नाही.
पाचव्या दिवशी तीच म्हणाली,
"तुम्हाला पण दिसतंय न्हवं?"

मग गल्लीला दिसलं.
न्हाऊ घालणारी हौसाबाई म्हणाली,
दोन्ही तळव्यांत धरून रोज दाबते,
महिन्यात नारळ करून देते.
इचलकरंजीहून आत्यानं मोहरीची उशी पाठवली,
निळ्या खणाची, हलवली की वाळू चाळल्यासारखी वाजायची.
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला हातात देत
बंडा चौगुले म्हणाला, "केस आलं की झाकतंय भावा."
रात्री दोन वाजता मोबाइल काय काय सांगायला लागला,
तेव्हा मी त्याला पालथा घातला.

रोहिणी अंधारात म्हणाली,
"एकाच कुशीवर घेऊन पाजत राहिले मी.
टाके ओढायचे दुसऱ्या अंगाला."

राजारामपुरी, सहावी गल्ली. नंबर एकतीस.
बाकावरची सगळी बाळं मी मनात मोजली.
हे लांबट, हे गोल, ह्याला टोपी आहे, कळत नाही.
माझं मलाच कसंतरी झालं.

डॉक्टर मुजावरांनी खणातनं कॅलिपर काढला.
कॅलिपर!
माझ्या टेबलावर असतो तसाच, टोकं तेवढी बोथट.
एका तिरक्यानं एकशे बत्तीस.
दुसऱ्या तिरक्यानं एकशे तेवीस.
मी न विचारता म्हणालो, "नऊ."
त्यांनी चष्म्यावरनं बघितलं. "कुठं काम करता?"

मग बोटांनी कवटीच्या शिवणी चाचपल्या, सावकाश,
जशी मी सांध्यावरची लांबी तपासतो.
"मोकळ्या आहेत. मेंदूला वाढायला जागा आहे."
मान उजवीकडं वळवली, सहज वळली.
डावीकडं अर्ध्यात अडली, गार्गी रडली.
"गोम इथं आहे बघा. मान आखडलीय."

रोहिणीनं विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"
पेन थांबलं.
"झोपवता कशी?"
"पाठीवर."
"मग बरोबर केलंत. रात्री तसंच झोपवायचं.
उशी नको, मोहरीची तर नकोच. दाबायचं काही नाही.
जागी असली की पोटावर घाला, थोडं थोडं, दिवसातनं सारखं.
मानेचे व्यायाम शेजारच्या खोलीत शिकवतील.
आणि घरी तिच्या उजव्या हाताला काय असतं, बघा जरा."

घरी येऊन मी खाटेवर तिच्या जागी आडवा झालो.
उजवीकडं खिडकी,
खिडकीत समोरच्या सायकल दुकानाची ट्यूब,
चार महिने लपलप करणारी.
ती त्या ट्यूबकडं बघत राहिली,
आणि आमच्या घरात माझ्याशिवाय
आणखी कुणीतरी साचा घडवत बसलं होतं,
भाडं न देता.

आता तिचं डोकं पायथ्याला, पाय उशाशी.
ट्यूब डावीकडं आली.
उशी उसवून मोहरी रोहिणीनं डब्यात ओतली,
रोज फोडणीला तडतडते.
हौसाबाई तेल लावते, डोक्याशी आली
की रोहिणी खाकरते.
पोटावर घातलं की गार्गी नाक चटईत खुपसून
पैलवान चीतपट झाल्यागत ओरडते,
मग एकदम मान उचलते,
दोन सेकंद, तीन,
आणि बघते आमच्याकडं,
बघा म्हणून.

सहा आठवड्यांनी परत बोलावलंय.
तोवर घरी मोजायचं नाही असं ठरलंय.

काल रात्री कॅलिपरच्या टोकांना कापूस गुंडाळला.
आठ भरले.
की साडेआठ.
ती हलली.
रोहिणीला सांगू नका.