जंगल दंडार, अंक अकरावा

वारलू नैताम पडदे रंगवायचा.
राजवाडा, तुरुंग, गरिबाची झोपडी,
मॅनेजरच्या मनात आलं तर ताजमहाल.
उरलेल्या रंगात, उरलेल्या रात्रीत
हँडबिलांच्या कोऱ्या पाठीवर
तो आणखी एक कंपनी उभी करायचा,
तिला मॅनेजर नव्हता.

ऑर्गनवर अस्वल.
मोहफुलं खाऊन बसलेलं,
डोळे मिटून पायानं भाता हाणणारं.
नालेवर सायाळ,
चामडं फाटू नये म्हणून
काट्यांचा अंबाडा घातलेली.
हिरोईन टिटवी. मरायचा सीन आला
की पाय वर करून पडायची,
मरता मरताही आभाळ झेलायला.
खलनायक घोरपड,
एकदा स्टेजला चिकटला की उतरायचा नाही.
आणि खड्ड्यात प्रॉम्प्टर रातवा,
एकच शब्द शंभरदा सांगणारा.

वडशाला झेरॉक्स, रुपयाला पान.
मंडईत जिलेबीवाल्याच्या बाजूला
तणशीवर मांडलेले अंक, पाच रुपये.

गाण्याला वारलू अक्षरं वापरत नसे.
ऑर्गनमधून धानाची लोंबी निघायची,
टिटवीच्या चोचीतून बोडीवरच्या लाटा,
नालेतून बोरं सांडायची, टपटप, पानाबाहेर.
पोट्टे ते मोठ्यानं वाचत,
ज्याची त्याची चाल,
आणि भांडत: "काहून रे, लोंबी वाकली ना इथं?
आवाज खाली आन!"

पत्रू मास्तरनं अंक पाहिला
आणि दोन हंगाम वारलूशी बोलला नाही.
"मी काय अस्वलावानी दिसतो का बे?"
विचारतानासुद्धा भाता हाणत होता.
रागिणीबाई हसली. दहा अंक घेतले,
नागपूरला आईला दाखवायला,
हे पाह्य, माही चोच.
मुखरू म्हणाला, रातवा तर रातवा,
तीस वर्षांत माझं तोंड काढलं कोणी?

मी पडदा ओढायचो. एकोणीस हंगाम.
प्रत्येक अंक मी मागून पुढे पाहिला,
मग पुढून मागे.
चहावाला कोल्हा होता, तिकिटं फाडणारा ससा होता,
जनरेटरवाला रानडुक्कर होता.
जनरेटरवाला!
विचारलं नाही. असं विचारतात का?
फक्त एकदा चहा पिताना म्हणालो,
तुझ्या कंपनीत पडदा आपोआप उघडतो वाटतं.
तो ब्रश धूत होता.
म्हणाला, "पाह्य ना नीट."

अकराव्या अंकात
अस्वल ऐन पदात झोपतं,
ऑर्गन मुका होतो,
टिटवी एका पायावर उभी राहून
शेवटचा सूर एकटीच धरून ठेवते.
खाली लिहिलंय, क्रमशः.
बारावा आला नाही.
राजवाडे आता छापून येतात, गुंडाळी करून.
वारलू हैदराबादला गेला म्हणतात,
फ्लेक्सच्याच दुकानात.

परवा भाचीची प्रणोती तापानं पडली होती.
ट्रंकेतला गठ्ठा तिला दिला.
चौकटीवरून बोट फिरवत म्हणाली,
"आजा, या रेघेले शेपूट हाये."

भिंग आणलं.
प्रत्येक चौकटीची उजवी रेघ
खाली येता येता सुतळीसारखी पिळलेली.
तिच्या टोकाशी दोन पंजे,
मातीत रोवलेल्या दोन टाचा.
खार असेल. मुंगूस असेल.
झेरॉक्सचा डागही असेल, त्या मशीनचा काय भरवसा.
पण अकराही अंकांत?

रात्री दिवा जवळ घेऊन शेवटचं पान उघडलं.
रेघ ताणलेली. टाचा रुतलेल्या.
लाटा पानाच्या काठापर्यंत गेलेल्या.
प्रणोती अर्धवट झोपेत म्हणाली,
हात दुखत असतील त्याचे. सोड म्हणा ना.

थांब, म्हटलं.
तिचं होऊ दे.