पोटाखालची बाजू

जानेवारी. सिव्हिल लाइन्सच्या मेळ्यात
एकोणचाळीस नंबरचं टेबल माझं.
पांढऱ्या चादरीवर
हळदूचे कंगवे, शिवणीचे चमचे,
आणि तान्ह्या पोळ्यातून उरलेले सात नंदी.
नंदी हा श्रावणाचा माल. जानेवारीत त्याला
शोपीस म्हणावं लागतं.
पाटीवर तसंच लिहिलंय, पुतणीच्या अक्षरात.

लोक कंगवा नाकाला लावतात,
फोटो काढतात. "कितीले?"
मग, "एवढ्यात तर सावजीचं जेवण होते, भाऊ."
होते.
मी चमचा पुसून जागेवर ठेवतो.

तिसऱ्या दिवशी, ऊन मंडपावरून कलल्यावर
एक म्हातारा आला. तर्जनी अर्धीच.
त्याने शिंगं पाहिली नाहीत, झूलही नाही.
नंदी उलटा केला, पोटाखालून अंगठा फिरवला,
जिथे मी पॉलिश करत नाही,
कोण पाहतं तिथे म्हणून.
"इतवारीच्या डोमाजी मिस्त्रीकडं शिकला का बे?"
"हो. चार वर्षं."
"पटाशी त्याच्यावानीच उलटी धरतं तू."

घेतला नाही त्याने.
चाक फिरवलं, कान लावला.
"आसाले मेण लाव, करकरते," म्हणाला
आणि संत्रा बर्फीच्या स्टॉलकडे गेला.

रात्री हिशोब: अकरा चमचे, चार कंगवे.
भाडं निघालं नाही.
मेणबत्तीचा तुकडा शोधून
सातही नंदी मांडीवर पालथे घेतले, चाकं वर.
पोटं घासायला काचकागद काढला होता,
तो पुन्हा डब्यात टाकला.