व्याख्या

फोंड्याला, झेरॉक्सच्या दुकानावरचा वर्ग.
कुडचडकर बाई म्हणाल्या, आधी व्याख्या वाचा,
आणि स्वल्पविराम गिळू नका,
माणसं तिथंच अडकतात.

मी पट्टी लावून ओळ अधोरेखित केली:
मुंडकार म्हणजे अशी व्यक्ती, जी…
पुढं आमचंच घर होतं,
भाटकाराच्या माडांखालचं, चिऱ्याचं,
फक्त आईचं नाव नव्हतं.
शेजारचा ऑगस्टीन, दिवसा टॅक्सीवर असतो,
कुजबुजला: परीक्षेला येतं काय हे?

रात्री आईला वाचून दाखवलं.
पेजेत मीठ टाकायचं थांबवून
ती म्हणाली, परत वाच.
परत वाचलं.
मग तिनं विचारलं,
विहिरीला कुलूप घालतो तो,
ते कुठल्या कलमात?

मी पान उलटलं.
तिथवर आम्ही अजून
पोचलो नव्हतो.