आठे उभा ऱ्हाय

आखाडात माझ्या दुकानात दोघंच येतात,
माशा आणि भिकन मास्तर.
लग्नं बंद, म्हणून पत्रिका बंद, म्हणून बँडही बंद.
धरणगावात आमचे पंचांग एकच.

ह्या खेपेला मागे नात होती, हर्षाली,
पाठीवर लॅपटॉप.
मास्तर म्हणाले, गाणी बसवायचं काहीतरी घ्यायचं म्हणते ह्याच्यात.
तू छापणारा माणूस. तू सांग कोणतं चांगलं.

तीन आणली होती तिने.
एक फुकटचं.
एक महिन्याच्या भाड्याचं, पहिले पंधरा दिवस माफ.
तिसरं चोपड्याच्या कुणा पोराने पेनड्राइव्हवर दिलेलं,
उघडताना कुणाची तरी माफी मागतं, इंग्रजीत.

मास्तरांनी वही काढली. फूटपट्टीने आखलेल्या पाच-पाच रेघा,
तेलाचे डाग, एका पानावर कुणाचा तरी उधारीचा हिशोब.
कानबाईचं एक गाणं निवडलं, आणि हर्षाली फुकटच्यात भरू लागली.
चौथ्या ओळीवर मशीन लाल झालं.
माप भरलं नाही, म्हणालं.
मास्तर म्हणाले, कसं भरेल?
तिथं उखा ढोल मांडीवर सरकवतो.

भाड्याच्यातली क्लॅरिनेट वाजली.
गुळगुळीत, कुठे थुंकी नाही, कुठे दम नाही.
ऐकून मास्तर हसले:
हा गडी पान खात नाही.

मग हर्षालीने एक बटण दाबलं
आणि सगळं गाणं एकदम
सॅक्सोफोनच्या पट्टीत गेलं, दुसऱ्यांदा दाबलं, युफोनियमच्या.
मास्तर काहीच बोलले नाहीत.
पंख्याचा आवाज येत राहिला.
हे मी, ते म्हणाले, पोटावर वही ठेवून करायचो,
एका गाण्याला एक रात्र.
तुझी आजी कंदिलाची वात वाढवायची आणि शिव्या द्यायची.
मग म्हणाले, दाब बरं पुन्हा.
तिने दाबलं.
पुन्हा, म्हणाले.

चहा आला. मी विचारलं, मग कोणतं?
अक्षर मोठं होतं का, त्यांनी विचारलं.
रज्जाकभाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि रात्रीची वरात,
लाईटवाला कायम चार पावलं पुढे.
तिन्हींत होत होतं.

आणि लिहिता येतं का मधे?
काय लिहायचं?
मास्तरांनी वहीवर बोट ठेवलं. सहाव्या ओळीच्या शेवटी,
निळ्या शाईत, त्यांच्या वडिलांच्या हातचं:
आठे उभा ऱ्हाय.
नवरी गाडीत बसायच्या आधी मागे वळते, ती जागा.
सगळ्यांनी थांबायचं. उखानेसुद्धा.

हर्षालीने टाईप केलं.
फुकटच्यात ऱ्हाय तुटला,
र एकीकडे, ह एकीकडे, काना लटकलेला.
भाड्याच्यात नुसते चौकोन आले, दहा-बारा,
रिकाम्या खोल्यांसारखे.
चोपड्याच्या पोराच्यात
अक्षर न् अक्षर जागेवर.

हेच, मास्तर म्हणाले.
मी म्हटलं, मास्तर, हे चोरीचं आहे.
चोरीचं म्हणजे?
म्हणजे ज्याने बनवलं त्याला पैसे पोचले नाहीत.
खरी किंमत किती?
मी शोधून सांगितली.
त्यांनी मनात भागाकार केला, ओठ हलले.
दोन वराती, म्हणाले, आणि एक हळद.

पानं माझ्याच प्रिंटरवर छापली,
उरलेल्या आयव्हरी कागदावर, ज्याच्या माथ्यावर
आधीच गणपती आहे आणि श्री गणेशाय नमः.
खाली पाच रेघा, काळे ठिपके,
सहाव्या ओळीशी ठळक: आठे उभा ऱ्हाय.
चौथ्या ओळीत एक माप अजून अपुरं.
मशीनने ते लालच ठेवलं. माझा प्रिंटर काळाच छापतो.

जाताना दारात चप्पल शोधत मास्तर म्हणाले,
तुळशीचं लग्न लागलं की पैसे देतो.
मी म्हटलं, छपाईचे नकोत.
छपाईचे नाही रे, म्हणाले, त्या माणसाचे.
कुठे राहतो, काय नाव,
तेवढं तू शोधून ठेव.