बेकू, साकू

वडगावात शिवलिंगप्पांच्या मागासाठी
काठाची कोयरी मी एका ओळीत लिहिली.
एक बाणा, मग पुढचा, मग त्याच्याही पुढचा.
ओळ स्वतःलाच हाक मारत जाते,
शेवट कुठे लिहिलेलाच नाही.

वाटलं होतं, संगणक अडकेल, पंखा घरघरेल.
तसं काही झालं नाही.
कर्सर लुकलुकत राहिला,
जेवून पारावर बसलेल्या माणसासारखा.

धोट्यात कांडी बसवता बसवता शिवलिंगप्पांनी विचारलं,
"किती बाणे तयार झाले गे?"
एकही नाही.
"मग सकाळधरनं काय करालीस?"
कसा करायचा ते सांगून ठेवलंय.
माग मागेल तेव्हा होईल.

"म्हणजे बेकू म्हटलं की दे,
साकू म्हटलं की थांब. एवढंच की!"
एवढंच.
माझ्या पुस्तकाला यासाठी बारा पानं लागली होती.

मंगळवारी प्रत्येक बाण्याचा नंबर छापायला सांगितला.
पडदा कोरा.
तासभर चूक शोधली, चूक नव्हती.
सांगितलं होतं सगळं,
मागितलं मात्र कुणीच नव्हतं.

हिला आळशी का म्हणतात, मला कळत नाही.
आमच्या गल्लीतला आळशी माणूस
तीन हाकांनी कूस बदलतो.
ही पहिल्या हाकेला उठते,
आणि तेच पुन्हा मागितलं
तर केलेलं काम पुन्हा करत नाही,
पदराच्या गाठीतून काढून देते.
कधी कधी तर एक मागावं आणि बत्तीस यावेत.
शिवलिंगप्पांची नीलव्वा अशीच,
भाकरी मागा, चवड आणते,
वर म्हणते, चूल पेटलेलीच होती.

गुरुवारी दुपारी सगळं गुदमरलं.
मेमरी भरली.
पहिल्या बाण्याला मी नाव देऊन ठेवलं होतं,
नाव हातातून सोडलं नव्हतं,
म्हणून त्याच्यामागून आलेला एकही बाणा
जाऊ शकत नव्हता.
झालेले, विणलेले, कापडात गेलेले,
सगळे खोलीत उभे.

शिवलिंगप्पांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"पहिलं टोक मुठीत धरून बसलीस
तर कापड गुंडाळायचं कशावर?"

आमच्या घरी पलंगाखाली लोखंडी ट्रंक आहे.
बाबांनी कात्रणं ठेवलीत त्यात,
तारीख, पुढची तारीख,
पाट्यांची भाषा, मोर्चा, पुन्हा तारीख.
पहिल्या कात्रणावर आजोबांची सही.
ट्रंक आता बंद होत नाही,
झाकणावर बाबा वरवंटा ठेवतात.
मी त्यांना काही म्हटलं नाही.
मी फक्त माझ्या ओळीतलं ते नाव खोडलं
आणि दुपारचा चहा प्यायले.

साडी साडेपाच मीटरची.
हिशोबाने दहा हजार आठशे बाणे.
आकडा मी ओळीबाहेर लिहिला, दाराशी,
जिथे गिऱ्हाईक उभं राहतं.
आत अनंत.
काठाच्या एका अंगाला शहापूरचं दुकान,
दुसऱ्या अंगाला इचलकरंजीचा व्यापारी,
कोयरीला दोन्ही सारखेच.

शनिवारी चार हजार एकशे सतराव्या बाण्याला
करंट गेला.
खटका अर्ध्यात थांबला.
शेजारचे माग थांबले, त्याच्या शेजारचे थांबले,
खासबागपर्यंत गल्ली एकदम ऐकू यायला लागली,
कुणाची तरी शिवणाची कात्री, कुणाचं तरी मूल.

अंधारात मला वाटलं,
पुढचे बाणे वाट बघत असतील.
मग लक्षात आलं, नाही.
वाट बघायलाही आधी असावं लागतं.
ते कुठेच नाहीत.
त्यांचा फक्त रस्ता आहे.

नीलव्वाने मेणबत्ती आणली,
अर्थात दोन आणल्या.
शिवलिंगप्पांनी ताण्यावर हात फिरवला,
झोपलेल्या बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा,
आणि पंधरा मिनिटं कुणीच काही मागितलं नाही.

मग ट्यूबलाइट दोनदा फडफडली.
"हं," ते म्हणाले, "बेकू."