डबीतला दाणा

आमच्या बेटावर हिला मान्नाची डबी म्हणतात.
मुळात बिस्किटांची. झाकणावरची राजकन्या
बोटाबोटांनी पुसून गेली,
मुकुट तेवढा उरलाय.
आत दाटीवाटीनं उभ्या, गुंडाळलेल्या चिठ्ठ्या,
बाबांच्या आत्यानं, राग्नफ्रीडनं,
एका लांबलेल्या हिवाळ्यात लिहिलेल्या,
एकेकीवर एकेक वचन.
शेजारी भुवया कोरायचा चिमटा,
कारण बोटांना कायम मासळीचा वास.

आई रोज पहाटे एक काढायची,
कॉफीला उकळी फुटायच्या आधी.
एकदा मोठ्यानं वाचायची,
मग ती दिवसभर एप्रनच्या खिशात.
कॉड चिरताना मध्येच सुरी थांबवून
खिसा चाचपायची,
उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी.

मी फसवायचे.
सोसा, थांबा, क्षमा करा असलं काही निघालं
की परत खोचून दुसरी काढायचे.
आई म्हणायची, गुन्वोर,
उष्टा घास ताटात परत टाकू नये.
पानात पडलं ते खायचं.
कडू लागलं तर वरून पाणी पी.

बाबांची होडी परतली नाही
त्या दिवशीची चिठ्ठी तिनं कुणाला दाखवली नाही.
पाळक बोटीनं आले, ओल्या कोटात,
मोठमोठी वचनं घेऊन.
आई म्हणाली, बसा, कॉफी घ्या.
माझं आजचं काढून झालंय.

आता मी सामनच्या कारखान्यात,
पहाटे पाचची पाळी.
चिठ्ठी हातमोज्याच्या आत, तळव्यापाशी.
आस्ब्योर्नशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं,
होड्यांच्या शेडवरून.
एका मंगळवारी भावाबद्दलचं वचन निघालं.
परत खोचलं.
बुधवारी तेच.
(डबीला हात असतात असं मी मानत नाही,
वरचीच हाताला लागली असेल.)
गुरुवारी फोन केला.
शेडचं छप्पर गळतंय, म्हटलं.
माहितेय, म्हणाला.
मग दोघंही गप्प. पण फोन कुणी ठेवला नाही.

आई शहाऐंशीची झाली.
मला कधी राग्नफ्रीड म्हणते, कधी ताई.
डिसेंबरात, सूर्य उगवायला अजून तीन तास,
तिनं थरथरत्या चिमट्यानं चिठ्ठी उचलली,
उलटसुलट पाहिली,
आणि तोंडात टाकली.

मी बोट घालून काढायला गेले.
तिनं ओठ मिटले, पोरासारखे.
कागद चावला, नीट, दाढेखाली,
वर कॉफीचा घोट.
कसं लागलं, मी विचारलं. दुसरं काय विचारणार?
खारट, म्हणाली.

झाकणाच्या आतल्या बाजूला आत्याच्या हातचा आकडा:
एकशे ऐंशी.
मी टेबलावर मोजल्या, दोनदा.
एकशे एकोणऐंशी.
कुठली गेली? यादी कुणी केलीच नव्हती.

म्हणून पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं,
जे डबीत नाही ते शोधायला.
पाळी संपल्यावर, बूटही न काढता,
रोज दोन पानं.
कितीतरी गोष्टी डबीत कधी नव्हत्याच!
तंबूच्या पडद्यांची मापं, हरवलेली गाढवं,
न संपणाऱ्या वंशावळी,
आणि रागानं वेडी झालेली माणसं,
देवाला तोंडावर विचारणारी, कुठे होतास?
आत्यानं ती लिहिली नाहीत. शाई संपली असेल,
किंवा तिला ती पाठ असतील.

एखादी ओळ वाटते, हीच ती.
मग चिठ्ठ्या उलगडत बसते,
आणि ती सापडते, डबीतच, माशाचं खवलं चिकटलेली.
पुढचं पान उलटते.

वसंत आला. मी अजून राजांच्या काळात.
आस्ब्योर्न शिडी घेऊन येतोय रविवारी.
खिडकीपाशी आई
रिकामी दाढ हळूहळू हलवतेय.