फुटक्या बेसिनातलं वेखंड

बेसिन बदललं तेव्हा
जुनं भंगारात द्यायचं राहून गेलं.
मागच्या अंगणात नेऊन ठेवलं,
तळाच्या भोकात कापडाचा बोळा कोंबला
आणि चंदर लोहकरेनं वेल्ह्याच्या ओढ्यातून आणलेलं
ओलं मूळ चिखलात आडवं निजवलं.
बोहरी आळीत मिळतं ते वाळकं,
उगाळायला ठीक, फुटायला नाही.

वेखंडाचे पाय पाण्यात लागतात.
धनकवडीत पाणी एक दिवसाआड.
पण वरच्या ढोमण्यांच्या एसीची नळी
नेमकी बेसिनावर गळते.
मी तक्रार केली नाही,
सोसायटीला अजून खरं वाटत नाही.

पाती चुरगाळली की वास थेट कपाळात जातो.
आमच्याकडे न्हाल्यावर टाळूवर याची पूड,
ज्वारीच्या कणगीत एक तुकडा, किडीसाठी,
आणि जीभ जड असेल त्याला मधातून चाटण.
मला वर्षभर चाटवलं.
दापोडीच्या वर्कशॉपात तीस वर्षं
मी 'लिव्हेट'च म्हणत आलो.

फाल्गुनात वर पाळणा आला.
रात्री दोनला रडणं, खाली टपटप,
मधे मी, जागा.
पाचव्या दिवशी भार्गवी खाली आली,
केस न विंचरलेले, खांद्यावर रेवा.
"काका, आई फोनवर म्हणते, वेखंड बघ कुठे मिळतं.
पण पोटात द्यायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय."
"पोटात नाहीच," मी म्हणालो, "पोटावर."

चाकूनं पेरभर मूळ कापलं,
सहाणेवर उगाळलं, किंचित हिंग, कोमट केलं.
माझे हात कानशीसारखे, म्हणून लेप तिनंच लावला,
बेंबीभोवती, गोल गोल.
कागदी पिशवी फुटावी तसा आवाज झाला.
पोर झोपली.
लेपानं, की रडून दमली म्हणून,
कोण सांगणार.

मग सर्दी झाली रेवाला, एसी बंद.
नळी कोरडी.
चौथ्या दिवशी पात्यांची टोकं पिवळी.
मी तांदळाचं धुवण घालत राहिलो,
वर जाऊन काय सांगणार,
एसी लावा, माझं झाड वाळतंय?

आज दहाच्या सुमाराला
बेसिनापाशी वाकलो होतो,
मानेवर कोमट धार पडली,
डाळीच्या पिठाच्या वासाची.
पाणी आधी, आवाज नंतर:
"काका, सरका जरा!
हिच्या अंघोळीचं उरलंय, वाया कशाला?"

शर्ट भिजला.
मुळाच्या कापल्या जागेशेजारी
एक कोंब आलाय, तिरका.